काटकसर आणि कायक



या अंकात मठाच्या गाडीवर बसवलेल्या एका जुन्या कॅरिअरविषयी लिहावयाचे आहे. धर्मचिंतनाच्या पानांवर भंगारातल्या लोखंडाचे काय काम, असे कुणाला वाटेल. परंतु त्या लोखंडाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला आणि तो ग्रंथ उघडून बसल्याने सुटण्यासारखा नव्हता. प्रश्न असा की, आपण एखादे काम स्वस्तात करतो तेव्हा वाचलेला पैसा नेमका कुणाच्या खिशातून येतो?

मठाकडे दासोहाचे साहित्य नेण्या-आणण्यासाठी एक पिकअप गाडी आहे. हौद्यात पातेली, कढया, शिधा आणि सतरंज्या भरल्या की मांडवाचे बांबू आणि बारा फुटी शिडी यांना जागा उरत नाही. म्हणून केबिनच्या टपावर कॅरिअर बसवावे असे ठरले. सन २०२३ च्या उन्हाळ्यात एका वेल्डिंगच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा नव्या कॅरिअरचे ९,००० रुपये सांगण्यात आले. मठात सेवा करणारा एक तरुण म्हणाला, "स्वामीजी, एवढे पैसे कशाला घालवायचे? मोडीत निघालेल्या जीपचं कॅरिअर भंगारात पडलंय. बाराशेला देतो म्हणतो. बसवायचं आपण बघू." आम्हाला ते पटले. कॅरिअरचे १,२०० आणि नटबोल्टचे २००, अशा १,४०० रुपयांत काम उरकले. त्या सोमवारच्या प्रवचनात आम्ही त्या तरुणाचे नाव घेऊन कौतुक केले. भक्तांनी दिलेला पैसा कसा जपावा, याचे उदाहरण म्हणून सांगितले. लोकांनाही ते आवडले.

आता ते कॅरिअर बसवले कसे, हे सांगितले पाहिजे. जुन्या जीपच्या टपाच्या कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असते. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत बसवून खालून चिमटे आवळतात. पन्हळ दोन पत्रे जोडून झालेली असते आणि ती थेट दाराच्या वरच्या चौकटीशी जडलेली असते, म्हणून ती भार सोसते. आमच्या पिकअपला तशी पन्हळ नाही. तेव्हा टपाच्या पत्र्यालाच चार भोके पाडली आणि कॅरिअरचे पाय बोल्टने आवळले. तो पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. त्याच्या आतून आधाराची पट्टी लावली नाही. कॅरिअर होते लांब जीपचे आणि आमची केबिन आखूड, त्यामुळे त्याचा मागचा भाग हौद्यावर तसाच अधांतरी राहिला. वरून काळा रंग मारला. दिसायला झकास दिसत होते.

त्याच वर्षीच्या श्रावणात दासोहाचे साहित्य घेऊन आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीकडे निघालो होतो. पाऊस होता. घाटाच्या उतारावर एका वळणाला टपावर मोठा आवाज झाला. मागच्या उजव्या पायाचा बोल्ट पत्रा फाडून बाहेर आला होता. कॅरिअर कलले, बांबूंची मोळी सरकली आणि त्यातले पाच-सहा बांबू रस्त्यावर पडले. मागून एक तरुण दुचाकीवर आपल्या आईला घेऊन येत होता. त्याने गाडी बाजूच्या चिखलात घातली आणि दोघेही पडले. मातीत पडल्यामुळे खरचटण्यावर निभावले. त्या क्षणी समोरून एखादी बस येत असती तर पुढचे लिहिण्याचे धैर्य आम्हाला झाले नसते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तशी येथे फांदी न मोडण्याची गाठ पडली. त्यात आमचे पुण्य काही नव्हते.

आम्ही खाली उतरून त्या माऊलीला हात देऊन उठवले. तिने आमची वस्त्रे पाहिली, वरचे कलंडलेले कॅरिअर पाहिले. ती रागावली नाही. "हे कुणी बांधले होते?" एवढेच तिने विचारले.

मठात स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची रीत आहे. तो मान पीठाचा असतो. परंतु चूक पीठाची नव्हती. ज्याने होकार दिला, एकदाही जवळ जाऊन पाहिले नाही आणि वर प्रवचनात कौतुक केले, तो मी होतो. त्या तरुणाकडे बोट दाखवणे सोपे होते, पण त्याला ते काम येत नव्हते. येत नाही हे विचारण्याचे काम माझे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ९,००० रुपयांचे काम १,४०० रुपयांत झाले, म्हणजे ७,६०० रुपये वाचले असे आम्ही समजत होतो. विचार केल्यावर ध्यानात आले की, कोणत्याही वस्तूची किंमत तीन प्रकारांनी चुकती होते. एक पैशाने, दुसरी श्रमाने आणि तिसरी जोखमीने. पैसा कमी दिला तर उरलेली किंमत नाहीशी होत नाही. ती श्रमातून तरी भरावी लागते, नाही तर जोखमीतून. जो माणूस पैशाऐवजी स्वतःचे श्रम घालतो, भंगारातली वस्तू घासतो, तपासतो, कापतो, जोडतो, त्याची ती काटकसर. आम्ही पैसाही घातला नाही आणि श्रमही घातले नाहीत. म्हणजे राहिलेली सगळी किंमत जोखमीच्या खात्यावर पडली आणि ते खाते आमचे नव्हते. ते होते मागून येणाऱ्या त्या मायलेकांचे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की, येथे हलवायाला पत्ताही नव्हता आणि पणाला लागली होती ती मिठाई नव्हती, जीव होता.

येथे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची आठवण होते. बाराव्या शतकातल्या कल्याणात अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते. 'आयदक्की' या शब्दाचा अर्थच वेचलेला तांदूळ. त्या तांदळावर त्यांचा दासोह चाले. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले, तेव्हा लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. आपल्याला रोज लागतात तेवढेच आपले. वरचे जेथून आणले तेथे परत टाकून या, असे त्यांनी पतीला सांगितले. ही कथा आपण अनेकदा ऐकतो आणि 'लोभ करू नये' एवढा बोध घेऊन थांबतो. या घटनेनंतर तिच्यात आणखी दोन गोष्टी आम्हाला दिसल्या.

पहिली गोष्ट अशी की, सांडलेले वेचणे हे कायक आहे. दुसऱ्याने टाकलेली वस्तू उपयोगात आणण्यात कमीपणा नाही, उलट तिच्यात एक प्रकारची नम्रता आहे. तेव्हा भंगारातून कॅरिअर आणले यात काहीच चुकले नव्हते. लोखंड खाणीतून काढून, भट्टीत वितळवून, त्याचे पाइप होईपर्यंत किती इंधन जळते! ते चांगले असताना कुजू देणे हाही अपव्ययच. दुसरी गोष्ट अशी की, वेचणे म्हणजे उचलणे नव्हे. मारय्या तांदूळ वेचत, म्हणजे वाकत, एकेक दाणा बघत, खडे बाजूला सारत. आम्ही भंगारातले कॅरिअर नुसते उचलले. ज्या दिवशी मारय्यांनी अधिक आणले, त्या दिवशी ते मापाचे भान विसरले होते. आमचेही भान सुटले होते. आम्ही स्वस्ताईचे माप अधिक घेतले. ते परत टाकून या म्हणणारी लक्कम्मा मात्र आमच्या जवळ त्या वेळी कुणी नव्हती.

साखळीहून परतल्यावर आम्ही जवळच्या गल्लीतल्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. मोडलेले कॅरिअर त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "मिस्त्री, हे टाकून द्यावे का?" त्यांनी हातोडीने प्रत्येक पाइपवर टिचकी मारली. जेथे खणखणीत वाजले तेथे खडूची खूण केली, जेथे बद्द वाजले तेथे फुली मारली. पाइप आतून गंजला की तो असा वाजतो, हे त्या दिवशी आम्हाला कळले. तारेच्या ब्रशने आमचा तो झकास काळा रंग त्यांनी काढला, तेव्हा दोन जोडांखाली केसासारख्या भेगा निघाल्या. "रंग आधी मारला की दोष दिसत नाही. रंग शेवटी मारायचा असतो, महाराज," ते म्हणाले. आमच्या संस्कृत पाठशाळेत गुरुजींनी इतक्या थोडक्या शब्दांत दंभाचे लक्षण सांगितल्याचे आठवत नाही.

पुढचे काम त्यांनी कसे केले ते मुद्दाम सांगतो, कारण आपल्या वाचकांत भाजीपाला, दूध आणि मांडवाचे सामान वाहणारे अनेक जण आहेत. ओझे केबिनच्या टपावर न ठेवता त्यांनी ते हौद्यावर उतरवले. हौद्याच्या चार कोपऱ्यांत पाइपचे चार खांब उभे केले. प्रत्येक खांबाच्या तळाशी जाड पट्टी आणि तिचे बोल्ट हौद्याखालच्या आडव्या चॅनेलमधून आरपार नेले, म्हणजे भार पत्र्यावर न येता गाडीच्या सांगाड्यावर गेला. फुली मारलेले पाइप कापून काढले आणि उरलेले चांगले कॅरिअर त्या खांबांवर बसवले. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला आहे हे पाहून घेतले. साध्या बोल्टपेक्षा तो बळकट असतो. प्रत्येक नटाखाली स्प्रिंगचा वायसर घातला. लोखंड जेथे गाडीच्या रंगाला लागत होते तेथे जुन्या ट्यूबचे रबर घातले. नव्या भोकांच्या कडांना आधी रेड ऑक्साइड लावले, कारण उघडी कड पहिल्याच पावसात गंज धरते. एका पाइपवर जस्ताचा मुलामा होता. वेल्डिंगपूर्वी त्यांनी तो घासून काढला, कारण जस्ताचा धूर छातीत गेला की माणूस तापाने पडतो. वेल्डिंग सगळे गाडीपासून दूर, जमिनीवर केले आणि गाडीवर फक्त नटबोल्ट आवळले. शंभर किलोमीटर धावल्यावर गाडी पुन्हा आणून प्रत्येक नट पान्याने तपासा, असे त्यांनी बजावले. नवा जोड बसताना थोडा सैल होतोच.

ओझ्याविषयीही त्यांनी दोन शब्द सांगितले. रिकामे कॅरिअर तोलून पाहिले तर ते सव्वीस किलो भरले. गाडीच्या माहितीपुस्तकात टपावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते. लहान गाड्यांत ती बहुधा पन्नास ते शंभर किलोंच्या दरम्यान असते आणि कॅरिअरचे वजनही बहुधा त्यातच मोजायचे असते. हे आम्ही आधी वाचलेच नव्हते. ओझे जितके उंच तितकी गाडी वळणावर अधिक कलते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. नायलॉनची दोरी पावसात भिजली की ताणते, म्हणून घाटात शिरण्यापूर्वी थांबून ती पुन्हा आवळावी. शिडी मध्ये बांधून भागत नाही, तिची दोन्ही टोके वेगळी बांधावी लागतात.

आणखी एक गोष्ट आम्ही आधी केली नव्हती, ती या वेळी केली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. म्हणून चौकटीचे माप कागदावर काढून परिवहन कार्यालयात दाखवले आणि लेखी संमती मिळाल्यावरच ती गाडीवर चढवली. मठाची गाडी कोण अडवणार, ही भावना मनात होती हे कबूल केले पाहिजे. तीही एक प्रकारची स्वस्ताईच. तिची किंमत मठाच्या नावातून वसूल होते.

आता हिशेब. कॅरिअर १,२००, अँगल आणि पट्ट्या ९५०, नटबोल्ट, रबर आणि रंग ५५०, मिस्त्रींची दोन दिवसांची मजुरी १,८००. एकूण ४,५०० रुपये. पहिल्याच वेळी असे केले असते तर नव्याच्या निम्म्या किमतीत काम झाले असते आणि ती खरी काटकसर ठरली असती. प्रत्यक्षात त्यात पहिल्या नटबोल्टचे २००, टपाची भोके बुजवून रंगवण्याचे ८०० आणि त्या तरुणाच्या दुचाकीच्या दुरुस्तीचे २,७०० मिळवावे लागले. बेरीज ८,२०० झाली. म्हणजे ७,६०० वाचले म्हणून ज्याचे प्रवचन झाले, त्यात शेवटी ८०० वाचले. तेही ती माऊली चिखलात पडली म्हणून. दगडावर पडली असती तर हा हिशेब कोणत्याच आकड्यात बसला नसता.

मजुरीच्या आकड्यावर मठाच्या हिशेबनिसांनी हरकत घेतली. "मिस्त्रींनी सेवा म्हणून केले असते," असे ते म्हणाले. मिस्त्री स्वतःहून म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. परंतु आपण त्यांना बोलावायचे, घाम गाळून घ्यायचा आणि मजुरीच्या जागी प्रसादाचा नारळ ठेवायचा, यातही वाचलेला पैसा कुणाच्या तरी चुलीतूनच येतो. मठांनी आणि देवस्थानांनी या बाबतीत विशेष जपले पाहिजे. देवाचे नाव घेतल्यावर माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेले दान आम्ही दान मानत नाही.

ही हकीकत आम्ही एका सभेत सांगितली, तेव्हा भाजीचा व्यापार करणाऱ्या एका भक्ताने उठून विचारले, "स्वामीजी, मठाला दुसऱ्यांदा खर्च करता आला. माझ्यासारख्या कर्जाच्या गाडीवाल्याने काय करावे? बाराशेच असतील तर बाराशेचेच काम होणार." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देणे योग्य नाही. गरिबी हा दोष नव्हे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्यासाठी श्रमाचा मार्ग उघडा आहे; हातोडीने पाइप वाजवून पाहायला, ब्रशने रंग खरडायला, शंभर किलोमीटरवर नट आवळायला पैसा लागत नाही. आणि तेवढ्यानेही भागत नसेल तर ओझे कमी करावे, एकाऐवजी दोन खेपा कराव्यात. त्यात डिझेल जाईल, वेळ जाईल, कदाचित त्या दिवसाचा नफाही जाईल. हे कठीण आहे हे आम्ही जाणतो. परंतु त्या रस्त्यावर मागून चालणारा, सायकलवरून जाणारा, दुचाकीवर आईला नेणारा बहुतेक वेळा आपल्याहून गरीब असतो. आपली अडचण त्याच्या डोक्यावर ठेवण्याचा अधिकार आपल्या गरिबीनेही आपल्याला मिळत नाही.

त्यावर दुसऱ्या एकाने म्हटले की, नवे कोरे घेतले तरी अपघात व्हायचा तो होतोच. होतो. पाहूनही जो दोष दिसला नसता, त्याचा जाब कुणी आपल्याला विचारणार नाही. पण जो दोष पाहिला असता तर दिसला असता आणि आपण पाहिलाच नाही, त्याचे काय? तेथे 'ठाऊक नव्हते' हे उत्तर चालत नाही. न पाहणे हीही एक कृती आहे.

कायक म्हणजे केवळ काम नव्हे, हे आपण नेहमी म्हणतो. मग काम आणि कायक यांत फरक कुठे पडतो? त्या मिस्त्रींनी चौकटीच्या खालच्या बाजूचे जोड पूर्ण केले, जे हौद्याखाली झोपल्याशिवाय कुणाला दिसणार नाहीत. वरच्या जोडांइतकेच ते सफाईने भरलेले आहेत. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "भार खालच्या जोडावर असतो, महाराज. वरचा लोक बघतात." त्यांनी वचनांचा अभ्यास केला आहे की नाही हे आम्ही विचारले नाही, विचारण्याची गरज वाटली नाही.

आता मठाची गाडी बाहेर पडण्यापूर्वी तो तरुण स्वतः पाना घेऊन चारही खांब तपासतो. आम्हीही जवळ उभे राहतो. त्याचे सोमवारी कौतुक करण्याची घाई आम्ही आता करीत नाही. वाचकांपैकी ज्यांनी आपल्या घरात, शेतात, दुकानात किंवा गाडीवर एखादे काम नुकतेच फार स्वस्तात उरकले असेल, त्यांनी एकदा वाकून त्याच्या खालच्या बाजूस पाहावे आणि ते कुणी बांधले होते, असे उद्या एखाद्या अनोळखी माऊलीने विचारले तर आपल्याला उत्तर देता येईल का, हे तपासावे.

शरणु शरणार्थी.